घरी फोनो प्रीअँप (रेकॉर्ड प्लेयरचा क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) बनवताना सगळेच रेझिस्टर-कपॅसिटर मोजून जुळवावे लागतात का?

नाही, फक्त आरआयएए जाळ्यातले (रेकॉर्ड कापताना बदललेला खर्ज-तीव्र स्वरांचा तोल परत सरळ करणाऱ्या भागातले) जुळवा, म्हणजे चॅनलमागे चार-पाच भाग. बाकीचे पाकिटातून काढून सरळ लावले तरी चालतात. कारण ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद हे त्या दुरुस्तीचे तिन्ही कालांक (टाइम कॉन्स्टंट) याच भागांतून ठरतात. कपॅसिटर ५ टक्के चुकला तर त्या स्वरपट्ट्यात पातळी जवळपास ०.४ डेसिबलने हलते. डावा चॅनल एका बाजूला आणि उजवा दुसऱ्या बाजूला चुकला, तर फरक दुप्पट, आणि आवाजाची मांडणी एका अंगाला कलते.

रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, त्यांची काळजी नको. खरा घोळ कपॅसिटरचा. पॉलिप्रॉपिलीनचे एकाच कपॅसिटन्सचे दहा नग आणा, एलसीआर मीटरवर (कपॅसिटन्स मोजणारा मीटर) मोजा, प्रत्येकावर आकडा लिहा आणि जवळचे दोन-दोन जोडीने लावा. मीटर स्वस्तातला असला तरी जोडी लावायला पुरतो, कारण त्याची चूक दोन्ही नगांना सारखीच लागते. नग चिमटीत धरून मोजू नका, बोटांच्या उबेनेही आकडा सरकतो. या जागी एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक कपॅसिटर अजिबात नको. व्होल्टेजबरोबर त्याचा कपॅसिटन्स बदलतो. सी०जी प्रकारचा सिरॅमिक चालेल.

मात्र मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईसोबत चुंबक हलणारा पिकअप) असेल तर आधी इनपुट बघा: ४७ किलोओहम, आणि केबलसकट एकूण कपॅसिटन्स कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलाय तेवढा. शंभरेक पिकोफॅरड इकडेतिकडे झाले तरी वरचे स्वर तुमच्या १ टक्क्याच्या मेहनतीपेक्षा जास्त बिघडतात.