पोराचा ताप ही देवाची शिक्षा आहे का?

प्रिय मावशी,

मी मिरजेत नर्स आहे, वय ३६. चर्चमध्ये रविवारशाळा घेते, गायनमंडळात आहे, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला द्यायला कधी चुकले नाही. यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, नाइट ड्युट्यांमुळे उपास मोडले, पहाटेची प्रार्थनाही राहायला लागली. पुढे पावसाळ्यात मुलाला डेंग्यू झाला. आता तो बरा आहे, पण माझी शिक्षा त्याने भोगली हे डोक्यातून जात नाही. प्रार्थना, वचनवाचन, दान, राग आला का, हे सगळं मी एका वहीत लिहिते. चुकलेला दिवस लाल पेनाने. लहानपणी आई म्हणायची, खोटं बोललीस तर येशू तुला सोडून जाईल. परवा मुलाने विचारलं, ‘मम्मी, मी प्रार्थना न करता झोपलो म्हणून ताप आला का?’ मला बोलताच येईना. देव माझ्यावर खूश व्हावा म्हणून मी अजून काय करू?

– एक बहीण, मिरज

सलाम, बहिणी.

काहीच करू नकोस. देवाला खूश करण्यासाठी तुझ्याकडून काही यायचं बाकी आहे, असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. ‘पूर्ण झाले आहे’ हे वधस्तंभावरचे शब्द तू दर गुड फ्रायडेला ऐकतेस. त्यात तुझ्या उपासांचा वाटा राखून ठेवलेला नाही.

आधी पोराच्या तापाचं बघू. वॉर्डात एखादी आई तुला म्हणाली, ‘माझ्या पापामुळे पोराला डेंग्यू झाला,’ तर तू काय म्हणशील? तिला जवळ बसवून सांगशील की ताई, हा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, घरी जाऊन कूलर आणि कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा. हेच आता स्वतःला सांग. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? याचंही नाही आणि आईबापाचंही नाही, असं येशू म्हणतो. इतकं सरळ उत्तर असताना आपण दोन हजार वर्षं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ती वही. आपल्याकडे कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी मोजतात तशी तू रोज रात्री स्वतःला मोजतेस, आणि वजन दर वेळी कमीच भरतं. कमी भरणारच. लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेली गोष्ट आहे, तिच्यातल्या थोरल्या मुलाचं हेच झालं होतं. धाकटा बापाचा पैसा उधळून परत येतो आणि बाप आनंदाने मेजवानी देतो. त्या उधळ्या पुत्रावर आपण इतके संदेश ऐकतो, पण थोरल्याजवळ फारसं कुणी थांबत नाही. तो शेतातून दमून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो आणि दारातच अडून बसतो. बापाला काय म्हणतो बघ : इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, कधी आज्ञा मोडली नाही, मला साधं करडूसुद्धा दिलं नाही! घरचा मुलगा आणि भाषा गड्याची. बाप त्याच्यावर रागावत नाही. स्वतः बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. बाळा, तू नेहमी माझ्याजवळच आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. थोरला पुढे आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. तुझं पत्र वाचताना मला तो दारातला मुलगा सारखा दिसत होता.

यात तू एकटी आहेस असं समजू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र आता भेटतोय. एवढ्या विदुषीला वेळ लागला, तर तुलाही लागू दे.

कुणी म्हणेल, कृपा अशी फुकट वाटली तर माणसं मोकाट सुटतील. येशूचा प्रेषित पौल, त्यालाही हेच ऐकवलं जायचं. त्याने गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्र लिहिलं, तिथे काही जण सांगत होते की विश्वास ठीक आहे, पण सुंताही हवीच. पौल चांगलाच भडकला. ख्रिस्ताने तुम्हाला मोकळं केलंय, पुन्हा जू मानेवर घेऊ नका, असं त्याने बजावलं. त्याच पत्रात पुढे त्याने हेही लिहिलं, की ही मोकळीक देहाचे लाड करायला नाही, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. तेव्हा रविवारशाळा सोड असं मी म्हणत नाही. मुलं आवडतात म्हणून घे. दमली असशील तर एखाद्या रविवारी दुसऱ्या कुणाला घ्यायला सांग आणि नाइटवरून येऊन निवांत झोप. उपासही जमेल तेव्हा कर, पण त्याची नोंद ठेवू नकोस.

आई आठवली की रागावू नकोस. तिलाही लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं असेल. फक्त ते पुढच्या पिढीत जाऊ देऊ नकोस, आणि म्हणून तुझ्या लेकाचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. त्याला आजच जवळ घेऊन उत्तर दे : नाही बाळा, ताप डासामुळे आला, आणि तू प्रार्थना न करता झोपलास त्या रात्रीही येशूचं तुझ्यावर तेवढंच प्रेम होतं. हे मोठ्याने बोल, म्हणजे तुझ्याही कानावर पडेल.

वही चर्चच्या पाळकांकडे घेऊन जा. त्यांना दाखव, आणि त्यांच्यासमोरच ती बंद कर. एवढं करूनही रात्री झोप लागली नाही, तेच तेच विचार फिरत राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. पापाची अशी न संपणारी धास्ती कधी कधी आजारही असते. त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्याने विश्वास कमी ठरत नाही. मिरजेत डॉक्टर शोधायला तुला लांब जावं लागणार नाही. कामावरच्या एखाद्या जवळच्या मैत्रिणीला सोबत घे, आणि पाळकांशी काय बोलणं झालं ते मला कळव.

– तुझी मावशी