तेरवीवरचा लेख छापू का, मावशी?

‘मावशी, मी मानेवाड्याला राहते, वय एकेचाळीस. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. आजारपणातच सगळी बचत संपली होती. तरी तेरवीला लॉन घेतलं, सहाशे माणूस जेवलं, आणि यांनी पतसंस्थेतून दीड लाख उचलले. हप्ते अजून सुरू आहेत. तेरवीची जेवणावळ बंद करा, असा लेख मी लिहिला. समाजाच्या मासिकाचे संपादक छापायला तयार आहेत. हे म्हणतात, “पोरीची सोयरीक व्हायची आहे, काहून नसती भानगड करतेस?” काकासासरे समाजाच्या कार्यकारिणीत आहेत. चार महिने झाले, लेख मोबाईलमध्येच पडून आहे. टोपणनावानं देऊ, की राहूच देऊ? – एक सून’

ताई, पत्रासोबत पाठवलेला तुमचा लेख मी दोनदा वाचला. सासूबाईंना शेवटचे तीन आठवडे वरणाचं पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं आणि त्यांच्या नावानं तीन टोपले पुऱ्या उरल्या, हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. हा लेख छापलाच पाहिजे. तुमच्या नावानं.

टोपणनाव घेणं म्हणजे भित्रेपणा, असं मी मानत नाही. 1848 मध्ये ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून शतपत्रं लिहिली गेली ती ‘लोकहितवादी’ या नावानंच, आणि त्यांचं मोल त्यानं कमी झालं नाही. पण तुमच्या लेखात लॉन आहे, पतसंस्था आहे, सासूबाईंचं आजारपण आहे. समाजाचं मासिक ज्या घरांत जातं, तिथे दुसऱ्या परिच्छेदालाच कळेल की ही मानेवाड्याची सून. मग लोक म्हणतील, लपून लिहिलं. मुद्दा बाजूला पडेल आणि लपण्याचीच चर्चा होईल.

पण लेखातला एक परिच्छेद काढायचा आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला माझं सांगावं लागेल.

1996 साली संक्रांतीच्या आधी मी एका वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांसाठी लिहिलं होतं की हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवा, आम्ही बोलावणार आहोत. तेव्हा आम्ही धरमपेठेत राहायचो. छापून येण्याच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती. सासूबाई काय म्हणतील, भिशीतल्या बायका काय म्हणतील, हेच डोक्यात. वाण म्हणून स्टीलच्या चाळीस वाट्या आणल्या होत्या. त्या वर्षी नऊ बायका आल्या. उरलेल्या एकतीस वाट्या मी वर्षभर बघत होते. राग आला, रडूही आलं, पण ते सोसलं गेलं. पुढच्या वर्षी सतरा आल्या.

जे सोसलं गेलं नाही ते वेगळं होतं. पत्रात मी लिहिलं होतं, ‘आमच्या समोर राहणाऱ्या तरुण विधवा शिक्षिकेला...’ नाव नव्हतं, पण गल्लीत अशी एकच होती. ती संध्याकाळी आली आणि फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. एक हात कडीवर ठेवून एवढंच म्हणाली, “ताई, मला विचारायचं तरी.” शाळेच्या स्टाफरूममध्ये दिवसभर तिला तेच विचारत होते. मी तिच्यासाठी लिहिलं असं मला वाटत होतं. खरं तर तिचं दुःख मी माझ्या मुद्द्याला टेकू म्हणून लावलं होतं.

तुमच्या लेखात उमरेडच्या जाऊबाई आहेत, नवऱ्याच्या तेरवीसाठी ज्यांनी कानातले विकले. तो परिच्छेद जबरदस्त आहे, मला माहीत आहे. पण तो त्यांचा आहे. चार महिने तुम्ही काकासासऱ्यांना भीत आहात, समाजाला भीत आहात. या बाईंचा विचार पत्रात कुठेही नाही, आणि छापून आल्यावर पहिला चटका त्यांनाच बसेल. काकासासरे चार माणसांत उत्तर देऊ शकतात, त्या देऊ शकणार नाहीत. त्या ‘लिही’ म्हणाल्या तर ठेवा, नाहीतर काढा. एवढी एक गोष्ट मनातून निस्तरली की उरलेली भीती बरीचशी स्वतःपुरती असते, आणि ती पोटात घेऊनही लिहिता येतं. लिहिणाऱ्या बहुतेकांनी ती तशीच घेऊन लिहिलं आहे.

कर्जाचा आकडा यजमानांच्या नावावरचा आहे, तो छापण्याआधी त्यांना विचारा. तुमच्या मताला मात्र त्यांची परवानगी लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत बोलू नका, गल्लत होते. आणि मुलगी? सगळे तिच्या सोयरिकीच्या नावानं बोलताहेत. तिला लेख वाचायला दिलात का? ज्या घरात आजीच्या तेरवीला कर्ज काढायला लावतील तिथे तिला जायचं आहे का, हे तिलाच सांगू द्या.

काकाजींकडे स्वतः जा, अंक निघायच्या आधी. परवानगी मागायला नाही. “पुढच्या अंकात येतंय, दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी घेऊन आले,” एवढं म्हणा, चहा घ्या आणि या. ते रागावतील. पण मोठ्या माणसांना मतापेक्षा चारचौघांत अचानक कळण्याचा जास्त त्रास होतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

लेखात एक भर घाला. ऋण काढून सण करू नका, हे आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनातून सांगितलं. त्यांचा जन्म 1876 चा, म्हणजे ही गोष्ट तुमच्या काकाजींच्या वडिलांच्याही कानावरून गेलेली असणार. तुमचं मत बाहेरून आलेलं नाही, ते याच मातीतलं आहे. तुमचे विरोधकही ज्यांना हात जोडतात, त्यांचंच बोट धरून बोला.

आणि एकट्या राहू नका. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावानं छापली. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच नावं ठेवायला सुरुवात केली, त्यावरचा तो संताप होता. टीका झाली. जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तरीही त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. मी हे जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला वाटतं, बुलढाण्यातच त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आणखी दोघीतिघी असत्या तर? म्हणून छापण्याआधी अशा दोघी शोधा ज्या त्या आठवड्यात तुमच्याकडे येऊन बसतील. त्यांचं मत तुमच्यासारखंच असलं पाहिजे असं नाही, फक्त फोन वाजला की “मी घेते” म्हणणाऱ्या हव्यात. पहिले दोन दिवस कोणालाही उत्तर देऊ नका. संपादकांना सांगा की विरोधातली पत्रंही छापा, पुढच्या अंकात एकदाच सगळ्यांना उत्तर द्या.

एक व्यावहारिक गोष्ट. अंक निघायच्या दिवसांत नात्यात कोणाकडे मौत झाली, तर संपादकांना सांगून लेख महिनाभर पुढे ढकला. त्या घराला वाटेल की हे आपल्यावरच आहे.

उमरेडला फोन आजच करा, काकाजींकडे जायच्याही आधी. आणि अंकाची एक प्रत मला पाठवा.