तुरीतला गांजा, होळीची भांग आणि इतर प्रश्न

प्रश्न : गावात माळकरी मंडळी बरीच. चावडीवर विषय निघाला की एक म्हणतो, 'दारू चालते तर गांजा का नको?' दुसरा म्हणतो, 'गांजा खुला झाला की पोरं वाया गेलीच समजा.' खरं कोणाचं? (निवृत्त शिक्षक, पारोळा)

'कायदेशीर करा' या दोन शब्दांत चार वेगळ्या मागण्या आहेत आणि चावडीवर त्यांची खिचडी होते. कोणाला दुकानातून विक्री हवी असते. कोणाला पुडी सापडलेल्या पोराला तुरुंग नको असतो. कोणाला औषध हवं असतं, तर कोणाला धाग्यासाठी शेती. कॅनडाने २०१८ मध्ये विक्रीच खुली केली. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅम जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला मुभा दिली, पण दुकानं उघडली नाहीत. थायलंडने २०२२ मध्ये बंदी उठवली, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर यावं लागलं.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायदा आहे. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण' : एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला की किमान दहा वर्षं आणि किमान एक लाख दंड. आमचं मत विचाराल तर गावात दुकान नको आणि नुसता ओढणारा तुरुंगातही नको. दारूचा दाखला देणाऱ्यांनी आडव्या बाटलीसाठी खपलेल्या बायांना विचारावं : एकदा उघडलेलं दारूचं दुकान बंद करायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं जमवावी लागतात. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या पेसा भागात (आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) नशेच्या पदार्थांना आळा घालायचा अधिकार ग्रामसभेला आहे. गांजाला परवानगी द्यायचा नाही.

प्रश्न : शिरपूर तालुक्यातलं शेत बटाईने दिलं आहे, सातबारा माझ्या नावावर. तुरीत मधेमधे गांजाची झाडं आहेत असं शेजाऱ्याने फोनवर सांगितलं. उपटून टाकू का? (शेतमालक, मुक्काम जळगाव)

उपटू नका. उपटलेली झाडं तुमच्या हातात सापडली तर मालक म्हणून नाही, बाळगणारा म्हणून अडकाल. जाळलीत तर पुरावा मिटवला म्हणतील.

आधी तो गांजाच आहे का ते बघा. बांधावरच्या अंबाडीमुळे चांगले चांगले फसतात. अंबाडीचं पान खोल खाचांचं असलं तरी एकच असतं, खाली देठाशी जोडलेलं. खोडाला बारीक काटे, फूल फिकट पिवळं आणि आत गडद लाल डोळा. गांजाच्या देठाच्या टोकातून पाच-सात सुटी पानं पंजासारखी फुटतात, कडा करवतीच्या, शेंडा चिकट, वास उग्र. नजरेत भरेल असं फूल नसतं. तूर पुरुषभर वाढते आणि कपाशीपेक्षा दाट दिसते, म्हणून ही झाडं तिच्याच ओळीत लपवतात.

खात्री झाली की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. गट नंबर, क्षेत्र, बटाईदाराचं नाव, कळलं कधी, सांगितलं कोणी, एवढं अर्जात हवंच. एक प्रत तहसीलदारांना द्या. कलम ४६ प्रमाणे कळवणं हे जमीनमालकाचं कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून जमीन वापरू दिली तर कलम २५ मालकाला लागवड करणाऱ्याइतकीच शिक्षा सांगतं. लागवडीला वजनाची अट नाही : दहा वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. सरपंच आणि पंचांनाही माहिती दडवता येत नाही.

मालक हमखास अडकतो तो दोन ठिकाणी. बटाई तोंडी असते, त्यामुळे शेत दुसरा कसतो हे दाखवायला कागदच नसतो. आणि ई-पीक पाहणी मालकानेच मोबाइलवर केलेली असते. 'मी शेतात गेलोच नाही' म्हणाल आणि फोटो तुमच्याच फोनमधून चढलेला निघेल, तेव्हा आधी तो तपासा. पंचनाम्याला हजर राहा. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा-शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्यात धरत नाहीत. मुळं-मातीसकट वजन केलं असेल तर ते तसंच लिहून घ्यायला सांगा. लागवडीबरोबर बाळगल्याचा गुन्हाही लावला, तर जामिनाच्या वेळी वकिलाला हा मुद्दा लागतो.

प्रश्न : होळीची भांग तर चालते ना? (धुळे)

एनडीपीएसमध्ये नुसतं पान येत नाही, हे खरं. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात परवान्याशिवाय भांगही चालत नाही. मध्य प्रदेशात परवान्याची दुकानं आहेत. सेंधव्याहून आणलेल्या भांगेची पावती सीमेवरच्या पळासनेरच्या अलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात, कामाची नाही. आणि भांग पोटातून चढायला तास-दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा पेला घेणाराच रात्री दवाखान्यात येतो.

प्रश्न : हेम्पच्या (धाग्यासाठी लावायच्या, कमी नशेच्या गांजाच्या झाडाच्या) करार शेतीसाठी एजंट एकरी पैसे मागतो. (चोपडा)

देऊ नका. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्याच्या हेम्पला परवाने दिले, तेही नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत असेल तरच. परवाना राज्य सरकारच्या आदेशाने मिळतो, एजंटच्या पावतीने नाही. हिरवळीच्या खताचा ताग इंग्रजीत 'सन हेम्प' म्हणून ओळखला जातो. त्याचा गांजाशी संबंध नाही. तागाचं बी तुम्ही कृषी सेवा केंद्रातून बिनधास्त आणा.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, वर्षभरापासून रोज ओढतो. पोलिसांची भीती वाटते, आणि सोयऱ्यांत बोभाटा झाला तर बहिणीचं लग्न अडेल. (आई, भुसावळ)

ताई, उपचाराला नेल्याने गुन्हा लागत नाही. उलट एनडीपीएसमध्ये कलम ६४-अ आहे : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचाराला गेला, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले की ते जातं, म्हणून केसपेपर आणि डिस्चार्जचे कागद फेकू नका. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा आधी १४४४६ या मोफत क्रमांकावर बोला.

सोडल्यावर पहिला आठवडा जड जातो : चिडचिड, झोप नाही, जेवण नाही. दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं, झोप आणि विचित्र स्वप्नं जरा लांबतात. तो चिडला म्हणजे उपचार फसले असं नाही. मात्र कानात आवाज येतात, घरचे जेवणात काही कालवतात, असं बोलू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. कोंडू नका, बांधू नका, भगताकडे आठवडे घालवू नका. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश महिनाभरही सापडतो, तेव्हा चाचणीत तो आला की लगेच 'खोटं बोललास' म्हणू नका. चिलमीत तंबाखू मिसळत असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. गांजा सुटला तरी तिची तलफ मागे राहते आणि पोरगं परत त्याच टपरीवर जातं.