तारा लावायला नेहमीचे डेंटिस्ट चालतील की ऑर्थोडॉन्टिस्टच हवा?

मुलगी दहा वर्षांची, वरचे दात पुढे, घराजवळचे डॉक्टर म्हणतात ‘मीच तारा लावतो’. मग ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे जागेवर आणणारा तज्ज्ञ, वेगळं काय शिकलेला असतो, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, त्यामुळे उत्तर थोडं एकतर्फी वाटलं तर चालवून घ्या.

‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन बी.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून 5 वर्षं. मग पुन्हा परीक्षा, आणि दात सरळ करण्याच्या याच एका विषयात एम.डी.एस.ची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, 3 वर्षं. बी.डी.एस.ला हा विषय असतो, पण हात बसतो तो मुख्यतः काढता-घालता येणाऱ्या प्लेटांवर.

एम.डी.एस.ला आल्यावर पेशंट मिळायच्या आधी मला नुसती तार वाकवायला बसवलं होतं. बोटांना घट्टे पडले. मग टायपोडॉन्ट: धातूच्या चौकटीत मेणात रोवलेले दात. त्यांना ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे छोटे तुकडे, लावायचे, तार बांधायची आणि अख्खं प्रकरण गरम पाण्यात बुडवायचं. मेण मऊ झालं की तोंडात जे व्हायला महिने लागतात ते डोळ्यांदेखत होतं. माझा सुळा मागे सरकला खरा, पण मागची दाढही ऐटीत पुढे चालत आली आणि मोकळी जागा तिनेच खाल्ली! ती दाढ जागची हलू न देणं, ही आमची अर्धी विद्या. खऱ्या तोंडात तर दात सरकायला एका बाजूचं हाड विरघळावं लागतं, दुसऱ्या बाजूला नवं भरावं लागतं. महिन्याला साधारण 1 मिलिमीटर, त्याहून घाई नाही. जोर वाढवला तर मुळं झिजतात.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र तार हा नंतरचा प्रश्न. दात पुढे आलेत की खालचा जबडा मागे राहिलाय? आरशात दोन्ही सारखंच दिसतं. आम्ही चेहऱ्याचा बाजूने एक्सरे काढून त्यावर कोन मोजतो. जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात ट्विन ब्लॉकसारखं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण देता येतं. मुलींची ही वाढ लवकर येते, म्हणून उंची एकदम वाढतेय का, पाळी सुरू झाली का, हेही विचारतो. दातांच्या दवाखान्यात हे ऐकून आया चमकतात. हे वय हुकलं की पुढे उपदाढा काढून भागवायचं, नाहीतर मोठेपणी जबड्याचं ऑपरेशन.

तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, तारा कोण लावणार? बऱ्याच दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक वारी येतात, तसं असेल तर त्या वारी जा. पाटीवर नुसतं एम.डी.एस. असेल तर विषयही विचारा, कारण ते रूट कॅनल किंवा हिरड्यांचंही असू शकतं. खर्च जड वाटला तर मुंबई-नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत एम.डी.एस.चे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच उपचार करतात. पैसे कमी, खेटे जास्त.

आणि ती अजून अंगठा चोखत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, पण तिच्यासमोर नको.