अगोरानोमोस हे पद एकच होते, मग त्याची कामे इतकी वेगवेगळी कशी?

आपला प्रश्न असा आहे की, प्राचीन ग्रीक शहरांच्या इतिहासात ‘अगोरानोमोस’ नावाचा अधिकारी एका ठिकाणी बाजार तपासताना दिसतो, दुसऱ्या ठिकाणी खरेदीखते लिहिताना, तर तिसऱ्या ठिकाणी गावाने सन्मान केलेला धनिक म्हणून. तेव्हा हे एकच पद होते की एकाच नावाची तीन पदे?

पद मुळात एकच होते. मात्र सुमारे आठशे वर्षांत आणि निरनिराळ्या राजवटींत त्याचे काम इतके बदलत गेले की पहिल्या अगोरानोमोसने शेवटच्याला ओळखले असते का, याची शंका वाटते. मी नोकरीची सर्व वर्षे वजनमापे तपासण्याच्या खात्यात काढली आणि निवृत्तीनंतर ग्रीक शिलालेखांचे अनुवाद वाचण्याचा नाद लागला, त्यामुळे या माणसाविषयी मला भाऊबंदासारखे कुतूहल आहे. उत्तर थोडे लांबणार आहे.

‘अगोरा’ म्हणजे शहराचा मधला चौक, जिथे सभा भरे आणि बाजारही. त्याची व्यवस्था पाहणारा तो अगोरानोमोस. अथेन्समधील या पदाची सर्वांत नेमकी माहिती ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात मिळते. हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता आणि इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावरून) १८९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार इ.स.पू. चौथ्या शतकात दरवर्षी दहा अगोरानोमोस चिठ्ठ्या टाकून निवडले जात, पाच शहरासाठी आणि पाच पिरेयस बंदरासाठी. विक्रीला आलेला माल शुद्ध आणि भेसळरहित आहे ना, हे पाहणे एवढेच त्यांचे काम थोडक्यात सांगितले आहे. मापे तपासायला आणखी दहा जण वेगळे होते, आणि धान्य हा अथेन्सच्या जिवाचा प्रश्न असल्याने त्यासाठी तिसरीच माणसे नेमलेली होती. म्हणजे कोबी, मासे, मध, भांडी आणि रोजची भांडणे अगोरानोमोसच्या वाट्याला.

चिठ्ठी टाकून निवड होत असल्याने हे पद बड्या घराण्यांची मिरासदारी नव्हते. त्याला समाजात फारसा मान असावा असेही दिसत नाही, कारण विनोदी नाटककारांनी त्याची भरपूर थट्टा केली आहे. ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२५ मधील नाटकात युद्धाला कंटाळलेला एक शेतकरी शत्रूशी स्वतःपुरता तह करतो, आपल्या दारात खासगी बाजार मांडतो आणि त्यावर अगोरानोमोस म्हणून चामड्याचे तीन पट्टे ‘चिठ्ठी टाकून’ नेमतो. प्रेक्षकांना हा विनोद कळला तो अर्थातच अगोरानोमोसच्या हातातला पट्टा त्यांच्या ओळखीचा होता म्हणून. तीन वर्षांनंतरच्या त्याच्याच दुसऱ्या नाटकात एक पाववाली, दारूच्या नशेत आपले पाव उधळून लावणाऱ्या म्हाताऱ्याला ‘मालाच्या नुकसानीबद्दल अगोरानोमोसपुढे चल’ म्हणून साक्षीदारासह बजावते. मला या दृश्यात अधिकाऱ्यापेक्षा ती बाई महत्त्वाची वाटते. डोक्यावर टोपली घेऊन पाव विकणाऱ्या बाईलाही आपली तक्रार कुठे न्यायची हे ठाऊक होते.

प्लेटोने आपल्या कल्पनेतील आदर्श नगरीसाठी जे कायदे लिहिले त्यांतही हा अधिकारी आहे, आणि तिथे तो बराच कडक आहे. विक्रेत्याने एका दिवसात एका वस्तूचे दोन भाव सांगायचे नाहीत, शपथा घालून माल खपवायचा नाही, आणि भेसळ सापडली तर मालाची जितके द्राख्मा (चांदीचे ग्रीक नाणे, वजनासाठीही तेच नाव) किंमत सांगितली असेल तितके फटके खायचे, तेही दवंडी पिटून गुन्हा जाहीर केल्यानंतर. किंमत जितकी फुगवावी तितकी पाठ सुजावी, हा हिशेब तत्त्वज्ञाला सुचला याची मला गंमत वाटते. प्रत्यक्ष अथेन्समध्ये असे झाले असे समजू नये. पण बाजारात काय खटकत होते ते त्यावरून दिसते.

वजनमापांचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने इथे थोडा रेंगाळतो. अथेन्सच्या अगोरात इ.स.पू. ५०० च्या सुमाराची काशाची तीन प्रमाण वजने सापडली आहेत. सर्वांत मोठे सुमारे ७९५ ग्रॅम भरते आणि त्यावर सोंगटीसारखे खेळायचे हाडूक कोरले आहे. उरलेल्या दोहोंवर ढाल आणि कासव आहे. वाचता न येणाऱ्यालाही वजन चित्रावरून ओळखता यावे, ही सोय उघड दिसते. वजने अथेन्सच्या लोकांच्या मालकीची असल्याचेही त्यांवर कोरलेले आहे. आमच्या खात्यात सत्यापन झालेल्या वजनावर मुद्रांकन होत असे, त्याचेच हे फार जुने रूप. पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचा एक ठराव दगडावर कोरलेला मिळाला आहे. त्यात बदामासारखी सुकी फळे शीग लावून मोजावीत असे सांगितले आहे, आणि व्यापारी मिना हे वजन टांकसाळीच्या १३८ द्राख्मांइतके असून ग्राहकाला वर आणखी १२ द्राख्मांची भर घालून द्यावी असाही नियम आहे. शिगोशीग माप आणि वर मूठभर जास्तीचे, हे आपल्याकडच्या आठवडी बाजारातले जुने वळण ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या दगडावरचा मजकूर मुळीच परका वाटणार नाही.

पदाच्या कामात पहिला ठळक बदल इ.स.पू. ३२० च्या सुमारास दिसतो. त्या वेळच्या एका ठरावाने पिरेयसमधील रस्त्यांची देखभाल दुसऱ्या अधिकाऱ्यांकडून काढून अगोरानोमोसांकडे दिली. देवांच्या मिरवणुका ज्या रस्त्यांनी जात ते सपाट ठेवणे आणि तिथे कोणी माती किंवा शेण-कचरा टाकणार नाही हे पाहणे, ही कामे आता बाजारवाल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडली. सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार नाही.

अलेक्झांडरनंतरच्या काळात मात्र पदाचा स्वभावच पालटू लागला. आशिया मायनरमधील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, इफेसस शहराचा इ.स.पू. ३०० च्या सुमाराचा एक ठराव या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ऱ्होड्स बेटावरचा अगाथोक्लेस नावाचा व्यापारी गहू घेऊन बंदरात आला, तेव्हा बाजारात भाव चढलेले होते. अगोरानोमोसने त्याची समजूत घातली आणि त्याने चालू भावापेक्षा स्वस्त गहू विकला, म्हणून शहराने त्याला नागरिकत्व देऊन गौरविले. इथे अगोरानोमोसच्या हातात पट्टा नाही. परदेशी व्यापाऱ्याला दम दिला तर पुढच्या वेळी तो जहाज दुसऱ्या बंदराला लावील, हे त्याला कळत होते. म्हणून शब्द टाकायचा, आणि व्यापाऱ्याने मान राखला तर त्याचे नाव दगडावर कोरायचे. अर्थात सगळीकडे असेच चालले होते असे नाही. डेलोस बेटावर इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात जळाऊ लाकूड आणि कोळशासाठी जो कायदा होता, त्यात आयात करणाऱ्याने जकातीच्या वेळी जो भाव नोंदवला त्याच भावाने विकले पाहिजे, जास्तही नाही आणि कमीही नाही, असे बंधन होते आणि ते मोडणाऱ्याला अगोरानोमोस न्यायालयात खेचू शकत होते. कमी भावालाही बंदी का, असा प्रश्न पडतो. जकात वाचवण्यासाठी कोणी भाव कमी नोंदवू लागला तर त्याला त्याच भावाने विकावे लागावे आणि जास्त नोंदवून नंतर भाव पाडण्याचे डावपेचही करता येऊ नयेत, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आता आपल्या प्रश्नातील खरेदीखताचा भाग. तो जवळजवळ पूर्णपणे इजिप्तमधला आहे. अलेक्झांडरनंतर तिथे राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक राजांच्या अमलाखाली गेलेल्या त्या देशात अगोरानोमोस हा दस्त करून देणारा अधिकारी बनला, आणि त्याने लिहिलेली जमीनविक्रीची व कर्जाची कागदपत्रे नाईल नदीकाठच्या कोरड्या हवेत टिकून राहिली. बाजारातील व्यवहारांना साक्ष राहणाऱ्या माणसाकडे पुढे व्यवहाराचा कागद करण्याचे कामही जावे, हे मला तरी साहजिक वाटते. पाथिरीस या छोट्या गावातून इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातील असे पुष्कळ दस्त मिळाले आहेत. त्यांत पक्षकाराचे वर्णन ठरावीक साच्यात येते: वय अंदाजे चाळीस, मध्यम उंची, मधासारखा वर्ण, केस सरळ, चेहरा लांबट, नाक सरळ, कपाळावर जखमेचा व्रण. स्त्रीचा व्यवहार असेल तर पालक म्हणून नवरा, भाऊ किंवा अन्य पुरुष नातेवाईक बहुधा सोबत नोंदलेला असतो. पुढे जमिनीच्या चतुःसीमा: दक्षिणेला अमक्याचे शेत, पूर्वेला नदी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसून ज्याने एकदा तरी दस्त वाचला आहे, त्याला पपायरसचा अनुवाद वाचताना पुढची ओळ आधीच कळते. रोमन काळातही ऑक्सिरिंकससारख्या शहरांत गुलामांची विक्री आणि मुक्तता अगोरानोमोसच्या कचेरीतूनच नोंदली जात असे.

मूळ ग्रीक आणि आशिया मायनरमधील शहरांत याच सुमारास उलटा प्रवास झाला. रोमच्या अमलाखाली शहरांची पदे हळूहळू ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडे जाऊ लागली, आणि पद घेणे म्हणजे स्वतःच्या पदरचा खर्च करणे असा अर्थ रूढ झाला. धान्य महागले की अगोरानोमोसने ते चढ्या भावाने विकत घ्यायचे, उतरत्या भावाने लोकांना विकायचे आणि मधला तोटा स्वतः सोसायचा. बाजाराच्या इमारतीची, ओवऱ्यांची, प्रमाण मापांची दुरुस्ती आपल्या पैशाने करायची. मोबदल्यात शहर त्याच्या सन्मानाचा लेख कोरून लावी. पूर्वी व्यापाऱ्याने भाव चढवला तर जो त्याला जाब विचारायचा, तोच आता चढलेल्या भावाचा भुर्दंड आपल्या तिजोरीतून भरत होता आणि व्यापाऱ्याचे काहीच बिघडत नव्हते. माझ्या दृष्टीने या पदाच्या इतिहासातील सर्वांत मोठी उलथापालथ हीच आहे. सन्मानलेख वाचून हरखून जाणाऱ्या अभ्यासकांशी माझे इथे पटत नाही. ज्या वर्षी दानशूर माणूस मिळाला नाही त्या वर्षी पाववालीने कोणाकडे जायचे, हे ते लेख सांगत नाहीत.

जुना खाक्या मात्र संपला नव्हता, याचा एक झकास नमुना दुसऱ्या शतकातील लॅटिन लेखक ॲपुलियसच्या कादंबरीत आहे. घटना थेसलीमधील हिपाता या ग्रीक गावातली. तिथे बाजार सांभाळणाऱ्याला लेखकाने रोमन पद्धतीने ‘एडिलिस’ म्हटले आहे, आणि या रोमन पदाला ग्रीक लेखक अगोरानोमोस हाच शब्द वापरत. नायक लुसियस घासाघीस करून वीस देनारींना (रोमन चांदीच्या नाण्यांना) मासे घेतो. तेवढ्यात जुना सहाध्यायी पिथियास भेटतो, तो आता बाजाराचा अधिकारी आहे आणि बरोबर शिपाई व छड्या आहेत. टोपलीतले मासे आणि त्यांची किंमत कळताच तो लुसियसला ओढत बाजारात नेतो, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मासेवाल्याला सर्वांदेखत फैलावर घेतो, मासे जमिनीवर ओततो आणि शिपायाला ते पायांखाली तुडवायला लावतो. मग म्हाताऱ्याची एवढी फजिती पुरे, असे समाधानाने सांगून मित्राला निरोप देतो. पैसे म्हाताऱ्याकडेच राहतात, मासे चिखलात जातात आणि लुसियस उपाशी. तपासणीच्या कामावर गेलेल्या प्रत्येक नव्या निरीक्षकाला हा प्रसंग वाचायला द्यावा, असे मी खात्यात असताना माहीत असते तर नक्की सुचवले असते.

पूर्वेकडे हे पद ज्यू प्रदेशातही पोहोचले. तिथे अगोरानोमोसचे नाव आणि वर्ष असलेली शिशाची वजने सापडतात. पुढे यहुदियाचा राजा झालेला हेरोद अग्रिप्पा कर्जबाजारी अवस्थेत असताना त्याच्या मेहुण्याने त्याला तिबेरियास शहरात याच पदावर चिकटवले होते, असे इतिहासकार जोसीफसने नोंदवले आहे. म्हणजे नातेवाइकाची सोय लावण्यासाठीही ते उपयोगी पडत होते.

त्यानंतर शहरांची स्वायत्तता आटत गेली, सम्राटाच्या वतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे बाजारातील कामे सरकली आणि जुने पद विरून गेले. इस्लामी राजवटींतील मुहतसिब, म्हणजे बाजारावर आणि लोकांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारा अधिकारी, हा याच अगोरानोमोसचा वारस, असे मत पूर्वी बरेच प्रचलित होते आणि मोगल अमलात मुहतसिब हिंदुस्थानातही नेमले जात, त्यामुळे आपल्यालाही ते आकर्षक वाटते. परंतु दोन्ही पदांच्या मध्ये पुराव्यांचा मोठा खंड आहे आणि काम सारखे असणे म्हणजे वंश एक असणे नव्हे, हा आक्षेप मला पटतो.

शब्द मात्र ग्रीक भाषेत जिवंत राहिला. आधुनिक ग्रीसमध्ये ‘अगोरानोमिया’ म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणारी यंत्रणा, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ मध्ये, तिथे जी बाजारविषयक संहिता लागू झाली तिचे नाव ‘अगोरानोमिकोस कोदिकास’ असेच होते. तिच्या आधारे निघालेल्या आदेशांचे विषय पाहिले तर पावाचे वजन, त्याची किंमत, भेसळ आणि भावाची पाटी लावणे असे होते.