रोज मासे खाणाऱ्या, अंगाने सडसडीत माणसाला हार्टमध्ये ब्लॉकेज कसं काय होतं?

वडील 52 चे, सडसडीत, सिगारेट नाही दारू नाही, रोज मासे, आणि तरी अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं असं तुम्ही लिहिलंय. मी देवगडकडे मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण काउंटरवर हेच कायम ऐकतो.

पाइपात गाळ बसतो तसं ते नसतं. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या आत शिरतं, तिथे सूज येते, वर्षानुवर्षं थर वाढत जातो आणि माणूस वरून ठणठणीत. मग कधीतरी अर्धवट अडलेली जागाच फुटते, तिथे गुठळी धरते आणि अटॅक, म्हणून तर लोक म्हणतात परवाच ईसीजी नॉर्मल होता हो! ईसीजी त्या घडीचं सांगतो फक्त.

बांगडा, तारली चांगलीच, ओमेगा-3 असतं त्यात. पण पावसाळ्यात मासेमारी बंद की सुकट, खारा बांगडा, वर पापड लोणचं. डब्ल्यूएचओ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, सगळं धरून. जास्त मिठाने बीपी चढतं आणि चढलेलं बहुतेकांना कळतच नाही.

आणि मला विचाराल तर वडिलांना एकदा नीट विचारा, मशेरी लावतात का. सिगारेट नाही म्हणणारे कितीतरी जण सकाळ संध्याकाळ मशेरी लावतात, आमच्या काक्या-आत्या तर सर्रास, आणि तो तंबाखूच आहे हे डॉक्टरला सांगायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

सडसडीत म्हणाल तर हातपाय बारीक आणि पोट पुढे हा आपला नेहमीचा नमुना, पुरुषाची कंबर 90 सेंमीच्या वर गेली की सावध, बायकांची 80. शुगर लपलेली असते ती वेगळीच.

आता तुमचं. वडील किंवा भावाला 55 च्या आत झालं तर मुलांचीही रिस्क वाढते, म्हणजे तुम्ही आणि तुमची भावंडं त्यात आलात. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी), शुगर, बीपी करून घ्या, लिपोप्रोटीन ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण, तो पण एकदा तपासायला सांगा, ते बरंचसं वारशानेच येतं.

वडिलांना स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकला असेल तर रक्त पातळ करणारी गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू देऊ नका, आमच्याकडे लोक हमखास करतात. आणि छातीत दाटलं, घाम सुटला, जबडा किंवा डावा हात दुखला तर माझ्यासारख्याकडे गॅसची गोळी मागायला न येता सरळ 108 लावा, शुगरवाल्यांना तर कधीकधी नुसता दमच लागतो, दुखत नाही.