नगरसेविका व्हायचंय? आधी फाइल कुठे अडते ते समजून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की वस्तीतली मंडळी मागे लागली आहेत, महिला राखीव जागा आली तर पुढच्या महापालिका निवडणुकीत उभं राहावं का, आणि निवडून आल्यावर नेमकं काम काय असतं. मी नागपूर महापालिकेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. तिकीट कसं मिळतं, प्रचार कसा करायचा, हे सांगणारे तुम्हाला चौकाचौकात भेटतील. टेबलाच्या अलीकडे बसून जे पाहिलं, तेवढंच मी सांगतो.

सगळ्यात पहिले हे पक्कं करा की नगरसेवकाला कोणत्याही अधिकाऱ्याला हुकूम देता येत नाही. अंमलबजावणीचे अधिकार कायद्याने आयुक्तांकडे आहेत, महापौरांकडेही नाहीत. नगरसेवकाच्या हाती सभागृहातलं मत, प्रश्न विचारायचा हक्क आणि पाठपुरावा एवढंच असतं. पण पाठपुरावा करता आला तर कामं होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्याकडे सकाळी सहाला फोन येईल, "ताई, आमच्या गल्लीत गडर वाहून राहिली." आता ही गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, कोणाची? लेआउट महापालिकेच्या हद्दीत असेल, पण विकासाचं काम नागपूर सुधार प्रन्यासकडे असू शकतं. आपल्या शहरात ५७२ आणि १९०० लेआउटचा, म्हणजे परवानगीशिवाय पडलेल्या लेआउटचा विषय वर्षानुवर्षं का चालत आला, ते माहीत नसेल तर बाहेरच्या वस्त्यांमध्ये तुम्ही काहीच करू शकणार नाही. शेतजमिनीवर प्लॉट पाडून विकले, लोकांनी पोटाला चिमटा घेऊन घरं बांधली, मागाहून २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करणं सुरू झालं. रस्ता, गडर, पाणी सगळं घरांच्या नंतर आलं, काही ठिकाणी अजून यायचंय. म्हणून तक्रार आली की आधी लेआउटचा नकाशा आणि आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची, स्थिती बघा. तक्रार पाण्याची असेल तर शहराचा पाणीपुरवठा बघणारी ओसीडब्ल्यू कंपनी, विजेची असेल तर महावितरण. चुकीच्या दारात पत्र दिलं की महिने जातात आणि लोक म्हणतात, नगरसेविका लक्ष देत नाही.

लाइन आपलीच निघाली, तर पुढे मौका पाहणी, एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, लेखाशीर्षात (अर्थसंकल्पातल्या त्या कामाच्या खात्यात) तरतूद, प्रशासकीय मंजुरी, निविदा आणि मग कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. यातल्या प्रत्येक पायरीवर फाइल थांबू शकते. बहुतेक नगरसेवक विचारायचे, "साहेब, कामाचं काय झालं?" त्याला "प्रक्रियेत आहे" एवढं उत्तर पुरतं. एक नगरसेविका मात्र वेगळ्या होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा शाळेच्या वहीचा एक कागद घेऊन आल्या. त्यावर त्यांनी स्वतः गल्ली काढली होती, चेंबर कुठे कुठे आहेत ते गोल करून, पाणी कोणत्या बाजूने वाहतं त्याचे बाण, आणि कोणत्या घरांच्या संडासात पाणी उलटं येतं त्यावर फुल्या. फुल्या सगळ्या एकाच चेंबरच्या वरच्या अंगाला होत्या. मौक्यावर गेलो तर तिथेच लाइन बसलेली होती. अख्खी लाइन बदलायचं एस्टिमेट करावंच लागलं नाही, तेवढा तुकडा बदलला. नंतरही त्या आल्या की कामाचं विचारत नसत. फाइल क्रमांक सांगून कोणाच्या टेबलावर आहे आणि कोणत्या लेखाशीर्षातून पैसा आहे, एवढंच विचारायच्या. त्यांना थातूरमातूर उत्तर द्यायची कोणाची हिंमत नव्हती. सातवी शिकलेल्या होत्या त्या.

पैशाचंही असंच. अर्थसंकल्प आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतात, १६ सदस्यांची ही समिती त्यात फेरफार करून तो महासभेकडे नेते. तुमच्या प्रभागातलं काम पुस्तकात छापून आलं म्हणजे पैसा आला असं नाही. आधीच्या कामांची देणी, ज्याला आपल्याकडे दायित्व म्हणतात, ती डोक्यावर असतात. म्हणून भूमिपूजनाचा नारळ फोडण्याआधी कार्यादेश निघाला का ते बघा. नारळ फुटून वर्ष झालं तरी गिट्टी पडली नाही, असे रस्ते लोक विसरत नाहीत.

तुम्ही म्हणता, "माझी वस्ती मला ओळखते." चांगलंच आहे, पण प्रभाग वस्तीएवढा नसतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहर सुमारे २४ लाखांचं, प्रभाग ३८ आणि जागा १५१. म्हणजे एकेका प्रभागात साठ हजारांवर लोक, आणि एक प्रभाग सोडला तर सगळीकडे चार नगरसेवक. चौघांनी गल्ल्या वाटून घेतल्या की नागरिकांची फरफट होते. तुमच्याकडे आलेल्या माणसाला "तो भाग त्यांचा" म्हणून परत पाठवू नका.

नगरसेवक नसला तर काय होतं, ते आपण भोगलंय. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना हक्काने फोन करावा असा निवडून दिलेला माणूस महापालिकेत नव्हता. नगरसेवक असते तर पूर आला नसता, असं मी म्हणणार नाही. पण पंचनामा कोणाचा राहिला, गाळ कोणत्या गल्लीत तसाच आहे, हे सभागृहात उभं राहून विचारणारं कोणीतरी हवं होतं. नाल्याकाठच्या प्रभागातून उभ्या राहणार असाल तर नालेसफाई मे महिन्यात स्वतः चालत जाऊन बघायची सवय आतापासून लावा.

आता अपात्रतेबद्दल, कारण इथे चांगली माणसं फसतात. महापालिकेच्या कंत्राटात तुमचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध चालत नाही. घरात कोणी ठेकेदारी करत असेल तर अर्ज भरण्याआधीच वकिलाला विचारा. स्वतः, पती किंवा अवलंबून असलेल्यांनी अवैध बांधकाम केलं तरी पद जातं. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं की अवैध बांधकाम पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला अडवलं, नुसतं लेखी पत्र देऊन अडवायचा प्रयत्न केला, तरी तेच कलम लागू शकतं. लोक येतील, रडतील, लेटरहेडवर दोन ओळी मागतील. तेव्हा त्यांना नियमित करण्याची प्रक्रिया समजावून सांगा, सोबत जा, पण कारवाई थांबवा असं लिहून देऊ नका. निवडणूक खर्चाचा हिशेब रोजच्या रोज लिहा आणि निकालानंतर ३० दिवसांत सादर करा, मग जिंका की हरा. जागा अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीसाठी राखीव असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम आजच सुरू करा.

नोकरी सांभाळून हे जमेल का, हेही विचारलंत. २०१७ च्या शासन निर्णयाने नागपूरच्या नगरसेवकांचं मानधन महिन्याला २०,००० रुपये झालं होतं. त्यावर घर चालवायचा हिशेब मांडू नका. खासगी नोकरी असेल तर वेळेचं मालकाशी आधीच बोला, कारण झोन कार्यालयातली कामं दुपारीच होतात.

आणि एक, थोडं कडक वाटेल. महिलांना निम्म्या जागा मिळाल्या, पण झोनच्या बैठकीबाहेर बायकोच्या नावाने फोन घेणारे, अधिकाऱ्यांना झापणारे पती मी भरपूर पाहिले. त्यांनी सांगितलेली कामं आम्ही टाळायचो, कारण सही त्यांची नव्हती आणि जबाबदारीही नव्हती. घरच्यांनी प्रचारात राबावं, पण फाइल तुम्ही वाचायची आणि मौक्यावर तुम्ही उभं राहायचं. हे घरात आधी मान्य करून घ्या, मग तिकिटाचं बोला.

निवडणुकीला वेळ आहे. तोवर तुमच्या वस्तीतली एक तक्रार घ्या आणि ती झोनपासून कार्यादेशापर्यंत नेऊन बघा. कुठे अटकली तर इथे लिहा. कोणत्या टेबलावर काय विचारायचं ते मी सांगीन.